दाढ ठणकते आणि डॉक्टरची तारीख लांब : तोवर काय करायचे, काय टाळायचे



आपल्याकडे दातदुखीला कुणी आजार मानत नाही. ताप आला तर माणूस अंथरूण धरतो, शेजारीण येऊन विचारपूस करते. दाढ ठणकत असली तरी ताई चार घरची भांडी घासून येते, दादा सकाळी नाक्यावर जाऊन उभा राहतो. 'दाढच तर आहे' असे म्हणून दिवस निघतो. रात्र मात्र निघत नाही.

आम्ही सिस्टर म्हणून वॉर्डात होतो तेव्हाही पाहिले आणि आता वस्त्यांमधून फिरतानाही पाहतो. नुसता दात किडला म्हणून माणूस दवाखान्यात भरती होत नाही. तो भरती होतो दुखणे दाबायला खाल्लेल्या गोळ्या लिव्हरवर आल्या म्हणून, नाहीतर जबड्याची सूज गळ्यात उतरून श्वास अडला म्हणून. दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी डॉक्टर भेटेपर्यंतचे चार-आठ दिवस कसे काढायचे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. तोच आजचा धडा.

तारीख लांब का पडते हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. सरकारी दवाखान्यात दातांचे डॉक्टर असतात, पण रोज नसतात. असले तर रांग मोठी असते. कधी सूज फार असते, कधी बीपी किंवा शुगर वाढलेली असते, म्हणून डॉक्टर त्याच दिवशी दाढ काढत नाहीत. आणि सगळ्यात मोठे कारण म्हणजे एक दिवस गेला की त्या दिवसाची मजुरी गेली. म्हणून 'लगेच दाखवा' एवढे सांगून आमचे काम संपत नाही.

दाढ इतकी का ठणकते

दाताचे वरचे कवच शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ आहे. तोंडातले जंतू आपण खाल्लेल्या गोडाचे आम्ल करतात आणि ते आम्ल कवच विरघळवते. आधी खड्डा पडतो. खड्डा खोल जात दाताच्या मधल्या पोकळीपर्यंत पोहोचतो. तिथे बारीक रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. आपण सगळे मिळून त्याला 'नस' म्हणतो.

हाताला जखम झाली की हात सुजतो, कारण कातडीला ताणायला जागा असते. दाताच्या आत जागा नसते. दहा बाय दहाच्या खोलीत अचानक वीस पाहुणे यावेत आणि भिंत कुठूनच हलू नये, तसे आत होते. सूज आतल्या आत नस दाबते आणि ठणका सुरू होतो. रात्री आडवे झालो की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून दिवसा सहन होणारी दाढ रात्री झोपू देत नाही.

दुखणे काय सांगते ते ओळखा

थंड किंवा गोड लागले की कळ येते आणि लगेच जाते, तर कीड अजून नसेपर्यंत पोहोचलेली नसते. बहुतेक वेळा सिमेंट भरून काम भागते. हीच वेळ सगळ्यात स्वस्त असते आणि नेमकी हीच वेळ आपण घालवतो.

गरम-थंड लागल्यावर कळ बराच वेळ टिकते, आपोआप ठणकते, रात्री झोपेतून उठवते, तर नस सुजली आहे. आता रूट कॅनाल म्हणजे नस काढून आतली पोकळी साफ करून बंद करणे, नाहीतर दाढ काढणे, हे दोनच मार्ग उरतात.

चावताना दुखते, दात उंच झाल्यासारखा वाटतो, हिरडीवर पुळी येते, तोंडात खारट-घाण पू येतो, तर मुळाशी पू झाला आहे. याला जास्त उशीर चालत नाही.

विशी-पंचविशीत शेवटची दाढ, म्हणजे अक्कलदाढ, अर्धीच बाहेर येते आणि तिच्यावरच्या हिरडीखाली अन्न अडकून सूज येते. तिथे मिठाच्या पाण्याच्या गुळण्या आणि मऊ ब्रशने हलकी सफाई यांनी बराच आराम पडतो. पण तोंड उघडेनासे झाले तर थांबू नका.

एक गोष्ट लक्षात ठेवा. चालताना, जिना चढताना खालचा जबडा दुखतो, सोबत छातीत दडपण, घाम, दम, डाव्या हातात कळ असेल, तर ते दाताचे दुखणे नसून हृदयाचे असू शकते. तेव्हा लवंग शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

आज रात्री काय करायचे

पहिले काम म्हणजे तोंड साफ करणे. खड्ड्यात अडकलेला भाताचा कण किंवा मटणाचा धागाही ठणका वाढवतो. कोमट पाण्याने खळखळून चूळ भरा. मऊ ब्रशने किंवा दाताच्या धाग्याने अन्न हळूच काढा. टाचणी, सेफ्टी पिन, काडेपेटीची काडी घालून टोकरू नका.

दुसरे, मिठाचे पाणी. एक पेला कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. घोट तोंडात अर्धा मिनिट धरायचा आणि थुंकायचा. दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवल्यावर. थुंकता न येणाऱ्या लहान मुलाला हे देऊ नका.

तिसरे, बाहेरून थंड शेक. बर्फ नसेल तर माठाच्या पाण्यात कापड भिजवून गालावर दहा-पंधरा मिनिटे धरा, थोडे थांबा, पुन्हा धरा. बर्फ असेल तर कापडात गुंडाळूनच. गरम वीट, गरम तवा, गरम पाण्याची पिशवी यांचा शेक सुजेवर देऊ नका.

चौथे, उशी उंच करा. दोन उशा किंवा गोधडीची घडी डोक्याखाली घ्या. डोके उंच राहिले की ठणका थोडा उतरतो. हा उपाय फुकटचा आहे आणि त्याचा खरोखर उपयोग होतो.

पाचवे, लवंगेचे तेल. लवंगेत युजेनॉल नावाचा पदार्थ असतो, तो थोडा वेळ बधिरपणा आणतो. कापसाच्या छोट्या बोळ्याला एक-दोन थेंब लावून बोळा दाताच्या खड्ड्यात ठेवा, थोड्या वेळाने काढा. तेल हिरडीवर, जिभेवर चोळू नका, कातडी भाजते. गिळायचे तर मुळीच नाही. लहान मुलांना वापरू नका. बाटली मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

खाणे मऊ आणि कोमट असू द्या. मुगाची खिचडी, वरणभात, पेज, दुसऱ्या बाजूने चावून. साखरेचा चहा, बिस्किटे, गोळ्या-चॉकलेट या दिवसांत बंद. पाणी भरपूर प्या. दुखते म्हणून न खाता-पिता राहिलात तर अशक्तपणा येतो आणि रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळ्यांनी जळजळ होते.

गोळ्या मोजून घ्या, लिहून ठेवा

हा भाग दोनदा वाचा.

दातदुखीवर घरी घेण्यासारखी पहिली गोळी पॅरासिटामॉल. क्रोसिन, कॅलपॉल, डोलो ही नावे वेगळी, औषध तेच. मोठ्या माणसाने ५०० मि.ग्रॅ.ची एक गोळी घ्यावी, फार दुखत असेल तर दोन. पुढची वेळ निदान सहा तासांनी. डॉक्टरला विचारल्याशिवाय २४ तासांत ५०० च्या सहापेक्षा जास्त नाहीत. ६५० ची गोळी असेल तर एका वेळी एकच आणि दिवसात चारच. आपल्या कितीतरी ताईंचे वजन ५० किलोच्या आत असते. त्यांनी एका वेळी ५०० ची एकच घ्यावी आणि दिवसात चारच. रोज दारू पिणाऱ्यांनी किंवा कावीळ, लिव्हरचा आजार असलेल्यांनी आधी डॉक्टरला विचारावे.

दुसरी गोळी आयब्युप्रोफेन. सूज असेल तर ही जास्त उपयोगी पडते. मोठ्या माणसाला ४०० मि.ग्रॅ., पोटभर जेवूनच, आठ तासांच्या अंतराने, दिवसात तीनच, तेही दोन-तीन दिवस. जेवण झाल्यावर पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन सोबत घेतली तर दाताच्या दुखण्यावर चांगला आराम पडतो.

पण आयब्युप्रोफेन सगळ्यांसाठी नाही. पोटात अल्सर, किडनीचा आजार, हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, आधी अशा गोळीने दमा उठला असेल किंवा बाई गरोदर असेल, तर घेऊ नका. पावसाळ्यात दाताबरोबर अंगात ताप असेल तर डेंग्यूची शंका असते, तेव्हाही नको. फक्त पॅरासिटामॉल.

आता चूक कुठे होते ते पाहू. कॉम्बिफ्लॅमच्या एका गोळीत आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ अशी दोन औषधे असतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. समजा एका ताईने दिवसभरात डोलो ६५० च्या पाच गोळ्या घेतल्या, म्हणजे ३,२५० झाले. मुलाने आणून दिलेल्या कॉम्बिफ्लॅमच्या तीन घेतल्या, म्हणजे ९७५ झाले. सर्दी होती म्हणून पॅरासिटामॉल ५०० असलेल्या सर्दीच्या दोन घेतल्या, म्हणजे १,००० झाले. बेरीज ५,२२५ मि.ग्रॅ. कोणत्याही धडधाकट माणसाची दिवसाची शेवटची मर्यादा ४,००० आहे, तीही डॉक्टरच्या सल्ल्याने. ताईला वाटते आपण तीन वेगळी औषधे घेतली. तिच्या लिव्हरला तिन्हींतून एकच औषध जाते.

जास्त गोळ्यांनी आधी मळमळ, उलटी होते किंवा काहीच होत नाही. एक दिवस बरे वाटते. मग दोन-तीन दिवसांनी कावीळ दिसते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. यावर उतारा आहे, पण तो लवकर दिला तरच नीट काम करतो. म्हणून हिशेब चुकला असे कळले की त्रास नसला तरी त्याच वेळी मोठ्या दवाखान्यात जा आणि गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.

त्यासाठी वही-पेन घ्या. गोळीचे नाव, किती मि.ग्रॅ., किती वाजता, एवढेच लिहा. लिहिता येत नसेल तर पोरांना सांगा, ती आनंदाने लिहितात.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड ही एकाच कुळातली औषधे आहेत. एका वेळी यातले एकच. एकीने थांबले नाही म्हणून दुसरी घेतली तर दुखणे तेवढेच राहते, पोटातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. मेडिकलवाला कागदाच्या पुडीत चार सुट्या गोळ्या देतो, त्या घेऊ नका. पुडीवर नाव नसते आणि आत काय आहे ते कुणालाच सांगता येत नाही. पट्टी मागा, नाव वाचा, तारीख वाचा.

लहान मुलांना किती द्यायचे

मुलांना फक्त पॅरासिटामॉलचे सिरप. मात्रा वयावर नाही, वजनावर ठरते. एका वेळी दर किलोला १५ मि.ग्रॅ., सहा तासांचे अंतर, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा. १० किलोच्या मुलाला १५० मि.ग्रॅ., २० किलोच्या मुलाला ३०० मि.ग्रॅ.

सिरपच्या बाटल्या दोन-तीन ताकदीच्या असतात, म्हणून लेबल वाचा. ५ मि.ली.मध्ये १२० किंवा १२५ मि.ग्रॅ. असेल तर १० किलोच्या मुलाला ६ मि.ली. तेच ५ मि.ली.मध्ये २५० असेल तर फक्त ३ मि.ली. घरातला चमचा नको, बाटलीसोबतचे माप वापरा. अंगणवाडीत वजन लगेच करून मिळते.

१६ वर्षांखालच्या मुलाला दातदुखीवर ॲस्पिरिन देऊ नका. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्या देशात २०११ पासून बंद आहे. आणि दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्यातला पू तेवढाच धोक्याचा असतो आणि खालच्या पक्क्या दाताला त्रास देतो.

गरोदर ताई आणि शुगरवाले

गरोदरपणात दातांचा इलाज करता येत नाही हा समज चुकीचा आहे. तपासणी, सिमेंट भरणे, गरज पडली तर दाढ काढणे हे सगळे करता येते. चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा, पण पू झाला असेल तर महिना मोजत बसायचे नाही. गोळी घ्यायची तर पॅरासिटामॉल, तीही कमीत कमी आणि डॉक्टरला किंवा आपल्या सिस्टरला विचारून. आयब्युप्रोफेन आणि त्याच्या कुळातली बाकीची नकोत.

शुगर असलेल्यांचा पू लवकर पसरतो आणि पुवामुळे शुगर आणखी वाढते. अशा माणसाच्या गालावर सूज दिसली की दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. शुगरची रोजची गोळी चुकवू नका.

अँटिबायोटिक दुखण्याची गोळी नव्हे

'मागच्या वेळी त्या कॅप्सूलने थांबले होते, तीच द्या,' असे मेडिकलवर रोज ऐकू येते. अँटिबायोटिक जंतूंवर काम करते, ठणक्यावर नाही. नस मेलेली असते तेव्हा दाताच्या आत रक्त जात नाही आणि रक्ताबरोबर जाणारे औषधही तिथे पोहोचत नाही. ताप असेल, सूज पसरत असेल तेव्हा डॉक्टर ते लिहून देतात, आणि तेव्हाही दात साफ करणे किंवा काढणे हाच खरा इलाज असतो. मनाने दोन दिवस कॅप्सूल खाऊन सोडली तर जंतू धीट होतात. मग न्यूमोनिया झाला, बाळंतपणात ताप आला, की तीच कॅप्सूल काम करत नाही. डॉक्टरने मेट्रोनिडॅझोल दिले असेल तर त्या दिवसांत दारूचा थेंबही नको.

हे करू नका

ॲस्पिरिनची गोळी कुटून हिरडीला लावू नका. हिरडी भाजून पांढरी होते, दात तसाच दुखतो.

मशेरी लावल्याने बरे वाटते असे म्हणणाऱ्या कितीतरी आया-बहिणी आम्हाला भेटतात. तंबाखू थोडी बधिरता आणते हे खरे. पण दाढ दुखली म्हणून लावलेली मशेरी दाढ पडल्यावरही सुटत नाही. विदर्भातला खर्रा, सगळीकडचा गुटखा यांचेही तेच. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी मिळते आणि तोंडाचा कॅन्सर तिच्यामागून येतो. तोंडात दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे यांपैकी काही असेल तर दाताच्या डॉक्टरला तेही दाखवा.

दारूची गुळणी दात बरा करत नाही आणि पोटात गेलेली दारू पॅरासिटामॉलबरोबर लिव्हरवर पडते.

दातातला किडा काढून दाखवणारे अजून फिरतात. बियांचा धूर देतात आणि बारीक अळी हातावर ठेवतात. दातात अळी नसते. कीड जंतूंची असते आणि जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. जे डोळ्यांना दिसले ते हातचलाखीने आले. पैसे जातात, तोंड भाजते, कीड आत तशीच राहते.

'वरची दाढ काढली की नजर जाते' या भीतीने माणसे वर्षानुवर्षे पू घेऊन फिरतात. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. दाढ काढल्याने नजर जात नाही. उलट वरच्या दाढेचा पू वाढत गेला तर तो डोळ्याकडे पसरू शकतो.

सूज सुईने फोडू नका, पक्कड किंवा दोऱ्याने दाढ ओढू नका. मूळ आत तुटते आणि पू खोल जातो.

या खुणा दिसल्या तर तारीख विसरा, त्याच वेळी निघा

गिळता येत नाही, लाळ बाहेर गळते. श्वास घ्यायला त्रास होतो, झोपले की गुदमरते. हनुवटीखाली, गळ्यावर कडक सूज येते, जीभ वर उचलल्यासारखी होते, आवाज बदलतो. तोंड दोन बोटेसुद्धा उघडत नाही. सूज डोळ्याभोवती येते, डोळा बंद होतो. थंडी वाजून ताप येतो, माणूस गळून जातो, बडबडतो.

यातली एकही खूण असली तर छोट्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन घरी परत येऊ नका. १०८ ला फोन करा, जिल्हा रुग्णालय किंवा मेडिकल कॉलेजच्या कॅज्युअल्टीत जा. ते रात्रंदिवस उघडे असते. रुग्णाला आडवे झोपवू नका, बसवून न्या. गळ्यात उतरलेली सूज काही तासांत श्वास बंद करू शकते. दातामुळे माणूस दगावतो तो असा.

ठणका अचानक थांबला तर

चार रात्री तळमळल्यावर पाचव्या दिवशी दुखणे आपोआप जाते. घरात सगळ्यांना वाटते, बरे झाले, आता दवाखान्याची गरज नाही, मजुरीही वाचली. खरे म्हणजे नस मेली म्हणून ठणका थांबला. जंतू आतच आहेत आणि मुळाच्या टोकातून हाडात उतरत आहेत. काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी ते पू होऊन परत येतात. पुळी फुटून पू वाहून गेल्यावरही असाच खोटा आराम मिळतो. म्हणून दुखणे थांबले तरी मिळालेली तारीख सोडायची नाही.

कुठे जायचे आणि कसे जायचे

जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. बऱ्याच उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांतही दातांचे डॉक्टर असतात, कोणत्या दिवशी ते आशाताईंना विचारा. महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, आणि मुंबई सेंट्रलला महानगरपालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. ही कॉलेजे आरोग्य विभागात मोडत नाहीत, त्यामुळे तिथे काही फी लागते, पण खासगीपेक्षा ती पुष्कळ कमी असते. ज्यांच्या पगारातून ईएसआयसी कापले जाते त्यांनी कार्ड घेऊन ईएसआयच्या दवाखान्यात जावे. तो तुमचाच पैसा आहे. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी होते, तिच्यात दातही पाहतात. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका.

केसपेपर सकाळी लवकर काढा. उपाशीपोटी जाऊ नका, थोडे खाऊन जा. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या घेऊन जा. गोळ्यांची वही आणि पट्ट्या सोबत ठेवा. हृदयाचा आजार, फिट, रक्त पातळ करणारी गोळी, दिवस गेले असणे, एखाद्या औषधाची रिॲक्शन हे डॉक्टरने विचारले नाही तरी सांगा. आणि एक प्रश्न विचारायला संकोच करू नका : 'डॉक्टर, दात वाचेल का, आणि वाचवायला किती वेळा यावे लागेल?' पाच खेपा जमणार नसतील तर तसे स्पष्ट सांगा. दाढ काढणे हाही इलाजच आहे, त्यात कमीपणा काही नाही.

दाढ काढली तर कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरा. त्या दिवशी चूळ भरू नका, सारखे थुंकू नका, तंबाखू-विडी नको. मिठाच्या गुळण्या दुसऱ्या दिवसापासून. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुखणे कमी व्हायच्या ऐवजी वाढले तर परत दाखवा.

वस्तीने मिळून करायचे काम

एकटी ताई दवाखान्यात जाते तेव्हा तिच्या मागे मूल, पाणी, चूल सगळे अडते. म्हणून गल्लीतल्या दोघी-तिघींनी एकाच दिवशी नंबर लावावा आणि चौथीने सगळ्यांची मुले सांभाळावीत. महिला मंडळाने आपल्या भागातल्या दातांच्या ओपीडीचे वार आणि वेळ विचारून विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावी. दवाखान्यात दातांची खुर्ची आहे पण डॉक्टर नाही, किंवा डॉक्टर आहे पण औषध नाही, असे असेल तर वैद्यकीय अधीक्षकांना सह्यांचा लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी तक्रार विसरली जाते, पोच असलेला अर्ज फाइलमध्ये राहतो.

आणि पुढची दाढ वाचवायची तर रोज दोनदा फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. रात्रीचे घासणे जास्त महत्त्वाचे, कारण झोपेत लाळ कमी होते आणि जंतूंना मोकळे रान मिळते. बाळाला दुधाची बाटली तोंडात देऊन झोपवू नका. दात घासणे ही शहरातून आलेली नवी टूम नव्हे. बुद्धांनी भिक्खूंना दातून करायला सांगितले आणि त्याचे पाच फायदे सांगितले, अशी नोंद विनयपिटकातल्या चुल्लवग्गात आहे.

कापून भिंतीवर चिकटवा

१. चूळ, मिठाचे पाणी, बाहेरून थंड शेक, उंच उशी.
२. पॅरासिटामॉल ५०० : सहा तासांचे अंतर, दिवसात सहाच. वजन ५० किलोच्या आत असेल तर एका वेळी एक, दिवसात चार.
३. आयब्युप्रोफेन जेवूनच. गरोदर, अल्सर, किडनी, हृदय, दमा, डेंग्यूची शंका असेल तर नाही.
४. प्रत्येक गोळी वहीत लिहा. पुडीतली गोळी नाही, मनाने अँटिबायोटिक नाही.
५. गिळता येईना, श्वास अडला, गळा किंवा डोळा सुजला, तर १०८.
६. दुखणे थांबले तरी तारखेला जायचेच.